माहीत असलेले उत्तर

टीव्हीवर प्रश्नोत्तराचा कार्यक्रम लागला की घराघरांत काय होते ते सांगायला नको. जेवता जेवता बाबा उत्तर सांगून टाकतात. आई भाकरी थापता थापता मान वळवते आणि "अगं, 'ब' असेल" म्हणते. दहावीतली पोरगी पडद्यावरच्या माणसाच्या आधी ओरडते. उत्तर बरोबर निघाले की पैसा मिळत नाही, पण सगळ्यांची छाती जरा फुगते. आपल्यालाही येते, एवढे समाधान मिळते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्या घरात या समाधानाची किंमत थोडी जास्तच असते.

म्हणून या वेळी एका अशा माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्याला उत्तर पक्के माहीत होते, पण ते देऊ नकोस म्हणून त्याला बजावण्यात आले. कोट्यवधी लोक बघत असताना त्याने माहीत असलेले उत्तर गिळले आणि चुकीचे दिले. त्याचे नाव हर्बर्ट स्टेम्पेल. अमेरिकेतल्या टीव्हीचा पहिला मोठा घोटाळा ज्याच्या बोलण्याने बाहेर आला, तो हा माणूस.

ब्रॉंक्सचे पोर

स्टेम्पेलचा जन्म डिसेंबर १९२६ मधला. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉंक्स भागात तो वाढला. ही कष्टकऱ्यांची वस्ती. युरोपातून पोटासाठी आलेले ज्यू, आयरिश, इटालियन लोक तिथे दाटीवाटीने राहत. स्टेम्पेलचे घर ज्यू. तो सात वर्षांचा असताना वडील वारले. विधवा आईने सरकारी मदतीवर दिवस काढले आणि मुलाला वाढवले.

मुलाची स्मरणशक्ती मात्र विलक्षण. वाचलेले डोक्यात राहायचे, ते निघायचेच नाही. तो ब्रॉंक्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये शिकला. ही शाळा सरकारी, पण परीक्षा घेऊन मुले निवडणारी. पुढे तो सैन्यात गेला. सैन्यातून परत आलेल्यांना शिक्षणासाठी पैसे देणारा कायदा अमेरिकेने १९४४ साली केला होता. त्या पैशावर तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकू लागला. या कॉलेजात तेव्हा फी नव्हती. शिंपी, फेरीवाले, गिरणीकामगार यांची पोरे तिथे शिकून मोठी झाली. १९५६ साली स्टेम्पेल २९ वर्षांचा होता. लग्न झालेले, संसार अंगावर आणि अभ्यास चालू. आपल्याकडे रात्रशाळेत आणि सायंकाळच्या कॉलेजात शिकलेल्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

टॉनिक विकणारा खेळ

त्या काळात अमेरिकेत घरोघर टीव्ही नुकते पोचले होते. १९५५ साली 'द सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि लोक वेडे झाले. साधा माणूस येतो, काचेच्या खोलीत उभा राहतो, अवघड प्रश्नाचे उत्तर देतो आणि आयुष्यभराच्या कमाईएवढी रक्कम घेऊन घरी जातो. यापेक्षा गोड स्वप्न कोणते? मग दुसऱ्या कंपन्यांनीही तसेच खेळ काढले. त्यांतलाच एक 'ट्वेंटी-वन', म्हणजे 'एकवीस'. सप्टेंबर १९५६ मध्ये तो एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. जॅक बॅरी प्रश्न विचारायचा आणि डॅन एनराइट निर्माता होता.

खेळ असा. दोन स्पर्धक दोन बंद खोल्यांत उभे. कानावर हेडफोन. एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. प्रश्न एक ते अकरा गुणांचे, जास्त गुणांचा प्रश्न जास्त अवघड. जो आधी एकवीस गुणांपर्यंत जाईल तो जिंकला. दोघांच्या गुणांत जेवढा फरक, तेवढे पैसे.

कार्यक्रमाचा खर्च उचलणारी कंपनी औषधाची होती. 'जेरिटॉल' नावाचे लोहयुक्त टॉनिक ती विकायची. दमलेल्या, अंगात त्राण नसलेल्या माणसाला ताकद येते, अशी त्याची जाहिरात. पहिला भाग अगदी प्रामाणिकपणे खेळवला गेला. दोन्ही स्पर्धकांना उत्तरे येईनात. ते चुकत राहिले आणि कार्यक्रम पडला. कंपनीचे लोक भडकले. असे पुन्हा होता कामा नये, असे त्यांनी बजावले. एनराइटने ही गोष्ट पुढे स्वतःच सांगितली. झाले! तेव्हापासून कोण जिंकणार, कोण हरणार, कोणते उत्तर कोणी किती वेळ आठवल्यासारखे करायचे, हे सगळे आधी ठरू लागले.

वाचकहो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लोकांना वाटत होते की हा ज्ञानाचा कार्यक्रम आहे. कंपनीच्या हिशेबात तो टॉनिकच्या बाटल्या खपवण्याचा कार्यक्रम होता. ज्याचा पैसा, त्याचा निकाल.

गरिबीचा पोशाख

स्टेम्पेलने कार्यक्रमात येण्यासाठी स्वतः पत्र पाठवले होते. साडेतीनशेच्या वर प्रश्नांची लेखी परीक्षा त्याने दिली आणि ती उत्तम दिली. म्हणजे हा माणूस नकली विद्वान नव्हता. पण काही दिवसांनी एनराइट त्याच्या घरी आला. भरपूर पैसे जिंकायचे आहेत का, असे त्याने विचारले. कसे जिंकायचे हेही सांगितले. स्टेम्पेल तयार झाला. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्याने उत्तरे आधी घेतली, पैसे घेतले आणि लोकांना फसवण्यात भाग घेतला.

मग त्याची तयारी सुरू झाली. स्टेम्पेलने पुढे चौकशीत सगळे तपशील सांगितले, ते वाचून मन अस्वस्थ होते. केस अगदी बारीक कापायला लावले. मापात न बसणारा सूट घालायला लावला. शर्टाची कॉलर विरलेली हवी. हातात स्वस्तातले घड्याळ, त्याची टिकटिक माइकमध्ये ऐकू गेली पाहिजे. इतर स्पर्धक निवेदकाला 'जॅक' म्हणत, स्टेम्पेलने मात्र दर वेळी 'मिस्टर बॅरी' म्हणायचे. उत्तर देताना अडखळायचे, श्वास जोरात घ्यायचा. बंद खोलीतली थंड हवा बंद ठेवायची म्हणजे घाम येईल. तो घामही कसा टिपायचा हे ठरलेले. रुमालाने पुसायचा नाही, हलके हलके टिपायचा, म्हणजे बघणाऱ्याला ताण कळतो.

थोडक्यात, गरीब माजी सैनिक धडपडून शिकतो आहे असे चित्र लोकांपुढे उभे करायचे होते. ते चित्र पूर्ण खोटे नव्हते. स्टेम्पेलने गरिबी पाहिली होतीच. पण गरिबी सांगणे वेगळे आणि गरिबी नेसवणे वेगळे. एखाद्याने आपले कष्ट आपल्या तोंडाने सांगितले तर त्यात त्याचा मान असतो. दुसऱ्याने त्याला मुद्दाम विटके कपडे घालून लोकांपुढे उभे केले तर तो तमाशा होतो. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी रुपये जिंकले. आपण खिचडी शिजवतो, हे त्यांनी ताठ मानेने सांगितले. ते काम त्यांचे होते, कोणी त्यांना नेसवलेले नव्हते.

स्टेम्पेल आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला. त्याच्या नावावर जवळजवळ ४९,५०० डॉलर जमले. तेव्हाच्या दराने सव्वादोन लाख रुपयांच्या वर. रस्त्यावर लोक ओळखू लागले. पण लवकरच त्याची वेळ भरली. लोकांना आता नवा चेहरा हवा, असे कंपनीला आणि निर्मात्याला वाटू लागले. केस भादरलेला, घामाघूम झालेला, घाबरटासारखा दिसणारा स्टेम्पेल आता लोकांना नकोसा होईल, असा त्यांचा हिशेब होता. तसा त्याला केला कोणी, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

गोरागोमटा प्राध्यापक

नवा चेहरा सापडला तो चार्ल्स व्हॅन डोरेन. त्याचाही जन्म १९२६ चाच. पण जन्मसाल सोडले तर दोघांत काही सारखे नव्हते. व्हॅन डोरेनचे वडील मार्क मोठे कवी आणि कोलंबिया विद्यापीठातले नामांकित प्राध्यापक, १९४० चे पुलित्झर पारितोषिक मिळवलेले. चुलते कार्ल यांनाही एका चरित्रासाठी पुलित्झर मिळालेले. आई लेखिका. स्वतः चार्ल्स उंच, देखणा, बोलायला गोड, आणि कोलंबियात इंग्रजी शिकवणारा.

कोलंबियाचे नाव आपल्या घरांत परके नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथेच शिकले आणि १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. पोटाला चिमटा काढून, ग्रंथालयाचे दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसून मिळवलेल्या विद्येशी आपण ते नाव जोडतो. त्याच विद्यापीठातल्या एका शिक्षकाने आधी सांगून ठेवलेली उत्तरे आठवल्यासारखे करून नाव कमवावे, हे वाचताना म्हणूनच वाईट वाटते.

व्हॅन डोरेनला पटवताना सांगण्यात आले की हा सगळा करमणुकीचा भाग आहे, आणि तुझ्यासारखा माणूस पडद्यावर दिसला तर लोकांना शिक्षणाची, शिक्षकांची गोडी लागेल. तो आधी कचरला, मग तयार झाला. मोठ्या माणसांना वाईट कामाला लावताना नेहमी एखादे उदात्त कारण पुढे केले जाते. गरिबाला नुसते पैसे दाखवले तरी चालते. एनराइटने दोघांना बरोबर ओळखले होते.

५ डिसेंबरची रात्र

दोघांचे सामने आधी बरोबरीत सोडवण्यात आले, म्हणजे लोकांची उत्सुकता वाढेल. मग शेवट ठरला, ५ डिसेंबर १९५६. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते. तिथे ती रात्र होती, तेव्हा इथे ६ डिसेंबर उजाडला होता. त्या सकाळी आपल्या वस्त्यांत कोणती बातमी पोचत होती, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तारीख आली म्हणून नोंदवली.

स्टेम्पेलला त्या रात्री हरायचे होते. कसे हरायचे हेही ठरले होते. प्रश्न होता : १९५५ सालच्या सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर कोणाला मिळाले? उत्तर, 'मार्टी'. शाळेतल्या पोरालाही येईल असा हा प्रश्न, कारण ते पारितोषिक जाहीर होऊन वर्षही झाले नव्हते. आणि स्टेम्पेलला तर तो चित्रपट अतिशय आवडायचा. त्याने तो तीन वेळा पाहिला होता. 'मार्टी' ही ब्रॉंक्समधल्या एका साध्या खाटकाची गोष्ट आहे. दिसायला सामान्य, लग्न जमत नाही म्हणून खचलेला, आईजवळ राहणारा माणूस. म्हणजे स्टेम्पेलच्या गल्लीतली गोष्ट! आपल्याच माणसांच्या चित्रपटाचे नाव आपल्याला आठवत नाही, असे त्याने सगळ्या देशासमोर सांगायचे होते.

या एका गोष्टीवर तो अडला. मला एकदा तरी व्हॅन डोरेनशी खरा खेळ खेळू द्या, अशी गळ त्याने घातली होती, असे तो पुढे सांगायचा. ती मानली गेली नाही. टीव्हीत पुढे काम देऊ, असे गाजर मात्र दाखवण्यात आले. त्या रात्री तो खोलीत उभा राहिला. प्रश्न आला. ठरल्याप्रमाणे तो थांबला, आठवल्यासारखे केले आणि 'ऑन द वॉटरफ्रंट' असे उत्तर दिले. ते आदल्या वर्षीचे होते. त्या चुकीने दार उघडले आणि त्याच रात्री व्हॅन डोरेन विजेता झाला.

पुढची गोष्ट थोडक्यात. व्हॅन डोरेन मार्च १९५७ पर्यंत जिंकत राहिला. एकूण १,२९,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सहा लाख रुपयांहून अधिक. 'टाइम' साप्ताहिकाने फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. एनबीसीने त्याला वर्षाला ५०,००० डॉलरची नोकरी दिली. आईबाप आपल्या मुलांना सांगू लागले, बघ, असे हुशार व्हावे!

जिला हरवता आले नाही

याच काळातली एक वेगळी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, विशेषतः आमच्या भगिनींसाठी. डॉ. जॉइस ब्रदर्स ही मानसशास्त्राची तरुण पदवीधर १९५५ साली त्या चौसष्ट हजारांच्या कार्यक्रमात आली. तिने विषय घेतला होता मुष्टियुद्ध. बाई आणि बॉक्सिंग, लोकांना गंमत वाटली. पण तिने ज्ञानकोशाचे खंडच्या खंड पाठ केले होते. ती कंपनीला आवडेना, म्हणून ती हरावी यासाठी मुद्दाम आडवळणाचे प्रश्न काढण्यात आले. मुष्टियोद्ध्यांचे सोडून पंचांविषयी विचारण्यात आले. तिने तेही सांगितले आणि सर्वांत मोठे बक्षीस घेऊन ती गेली. पुढे चौकशी झाली तेव्हा तिच्यावर काहीही शाबीत झाले नाही. जे डोक्यात पक्के बसले आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. फक्त ते बोलायचे की नाही, एवढेच आपल्या हातात असते. जॉइसने बोलायचे ठरवले. स्टेम्पेलने त्या रात्री गिळायचे ठरवले.

कोणी ऐकेना

स्टेम्पेलला कबूल केलेले काम मिळाले नाही. जिंकलेले पैसेही वाईट व्यवहारात गेले. इकडे व्हॅन डोरेनचा जयजयकार चालू. आपण कष्टाने वर आलो आणि याला जन्मापासून सगळे मिळाले, ही गोष्ट त्याच्या मनात सलत राहिली. १९५७ साली तो वर्तमानपत्रांकडे गेला. जे झाले ते सगळे सांगितले. पण पुरावा काय? साक्षीदार कोण? बदनामीच्या दाव्याच्या भीतीने कोणी छापेना. उलट सगळे खोटे आहे असे त्याच्याकडून आधीच लिहून घेतलेले. एनराइटने त्याचे बोलणे चोरून टेपही केले होते. स्टेम्पेल पैसे उकळतो आहे, त्याचे मन ठिकाणावर नाही, असे पसरवण्यात आले.

गरीब माणूस तक्रार घेऊन गेला की त्याला आधी वेडा ठरवायचे, नाहीतर लोभी ठरवायचे. ही रीत कोणत्याही एका देशाची नाही.

ऑगस्ट १९५८ मध्ये वारे फिरले. 'डॉटो' नावाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात एका स्पर्धकाची वही दुसऱ्याच्या हाती लागली. तिच्यात उत्तरे आधीच लिहिलेली! तो कार्यक्रम तडकाफडकी बंद झाला. आता स्टेम्पेलचे म्हणणे वर्तमानपत्रांनी छापले. ऑक्टोबर १९५८ मध्ये 'ट्वेंटी-वन'ही गुंडाळण्यात आला. सरकारी वकील फ्रँक हॉगन यांच्या कचेरीने साक्षी घ्यायला सुरुवात केली. सुमारे दीडशे माणसे ज्युरीपुढे आली. त्यांतल्या शंभरेक जणांनी शपथेवर खोटे सांगितले, असा हॉगन यांचा अंदाज होता. चांगली शिकलेली, चांगल्या घरची माणसे. व्हॅन डोरेन त्यांच्यातच होता.

मग खरा पुरावा कुठून आला? तो आला टपालातून. जेम्स स्नॉडग्रास नावाचा एक चित्रकार याच कार्यक्रमात खेळला होता. त्यालाही उत्तरे आधी मिळत. त्याने काय करावे? कार्यक्रम होण्याच्या आधी ते प्रश्न आणि उत्तरे कागदावर लिहून त्याने स्वतःच्याच नावाने रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. पाकिटे आली, ती त्याने फोडली नाहीत. वर टपाल खात्याचा शिक्का आणि तारीख. पुढे ती पाकिटे चौकशी समितीसमोर उघडली गेली आणि एकाही साहेबाला त्यावर बोलायला जागा राहिली नाही.

गिरणीत, कारखान्यात, नगरपालिकेत काम केलेल्यांना हा धडा नवा नाही. हजेरीची पावती, अर्जाची पोच, शिक्का मारलेला कागद, हीच आपली ढाल. तोंडी सांगितलेले खरे असले तरी ते उडवून लावतात. तारखेचा कागद उडवता येत नाही.

समितीपुढे

ऑक्टोबर १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे स्टेम्पेलची साक्ष झाली. त्याने केसांपासून घड्याळापर्यंत सगळे सांगितले. आपणही यात होतो, हेही सांगितले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन आला. तीन वर्षे नाकारत आलेली गोष्ट त्याने अखेर कबूल केली. सुंदर भाषेत लिहिलेले निवेदन त्याने वाचले. ते ऐकून समितीतल्या काही सभासदांनी त्याचे कौतुक केले. स्टेम्पेलच्या वाट्याला असे कौतुक आले नव्हते. तेव्हा न्यूयॉर्कचे एक सभासद स्टीव्हन डेरुनियन यांनी स्पष्ट सांगितले की, एवढ्या बुद्धिमान माणसाने अखेर खरे सांगितले म्हणून त्याची पाठ थोपटावी असे मला वाटत नाही.

आधी खरे बोलणारा संशयित, आणि सगळे उघडे पडल्यावर खरे बोलणारा शूर. फरक होता तो कपड्यांचा, भाषेचा आणि बापाच्या नावाचा.

तरीही शिक्षा म्हणाल तर फारशी कोणालाच झाली नाही. खेळात अशी फसवणूक करणे हा तेव्हा गुन्हाच नव्हता! शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हा होता. त्यासाठी व्हॅन डोरेन आणि इतर काही जणांनी पुढे गुन्हा कबूल केला, पण तुरुंगात कोणी गेले नाही. १९६० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रश्नोत्तराच्या कार्यक्रमाचा निकाल आधी ठरवणे अमेरिकेत गुन्हा झाला. स्टेम्पेलच्या तक्रारीतून एवढे तरी उभे राहिले.

नंतरची साठ वर्षे

व्हॅन डोरेनची कोलंबियातली नोकरी गेली, टीव्हीवरची गेली. तो एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात काम करू लागला, पुस्तके लिहिली, आणि या विषयावर जवळजवळ पन्नास वर्षे गप्प राहिला. २००८ साली त्याने 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात एक लेख लिहून मौन सोडले. एप्रिल २०१९ मध्ये तो वारला.

निर्माता आणि निवेदक काही वर्षे बाजूला पडले आणि नंतर पुन्हा टीव्हीवर आले. खेळ चालवणाऱ्यांना परत येण्याची वाट सापडते.

स्टेम्पेलने न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक खात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली. साधी सरकारी नोकरी, साधे आयुष्य. १९९४ साली रॉबर्ट रेडफोर्ड यांनी या प्रकरणावर 'क्विझ शो' हा चित्रपट काढला. स्टेम्पेलची भूमिका जॉन टर्टुरोने केली आणि स्वतः स्टेम्पेलने चित्रपटासाठी सल्ला दिला. पुन्हा लोक त्याला विचारू लागले. तो आनंदाने सांगायचा. ७ एप्रिल २०२० रोजी तो वारला. दोघेही ९३ वर्षे जगले.

आपण काय घ्यायचे?

काही वाचक विचारतील, या माणसाचे कौतुक कशाला? त्याने पैसे घेतले होते, आणि खरे बोलला तेही रागातून, असूयेतून. बरोबर आहे. स्टेम्पेल संत नव्हता. स्वतःही तसा आव त्याने आणला नाही. पण खरे बोलायला आधी संत व्हावे लागते, हे कोणी ठरवले? तसे ठरवले तर पिळल्या गेलेल्या कुठल्याच माणसाला कधी तोंड उघडता येणार नाही. कारण पिळणारा नेहमी त्याला थोडासा वाटेकरी करून घेतो आणि मग म्हणतो, तूही त्यात होतासच की! कामावर खोट्या हजेरीवर सही करायला लावलेला मुकादम, कोऱ्या कागदावर अंगठा दिलेली बाई, यांना विचारा. स्टेम्पेलने स्वतःचा वाटा कबूल करून तोंड उघडले. यात त्याचे मोठेपण आहे, आणि ते तेवढेच आहे. त्याहून जास्त सांगायला नको, कमीही सांगायला नको.

दुसरी गोष्ट मुलांची. आपली मुले असे कार्यक्रम बघतात, शाळेत सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत बसतात, बक्षिसे आणतात. चांगलेच आहे, त्यांना अडवू नका. पण बक्षीस मिळाले म्हणजे हुशार आणि हरले म्हणजे ढ, असे घरात बोलू नका. निकाल कधी कधी दुसरेच कोणी ठरवते. ते पडद्यावरच घडते असे नाही. मुलाखतीच्या खोलीतही घडते, बढतीच्या यादीतही घडते. अशा वेळी ज्याचा भरवसा फक्त निकालावर असतो तो मोडून पडतो. ज्याला आपल्याला काय येते हे स्वतःला ठाऊक असते, तो पुन्हा अर्ज करतो, पुन्हा परीक्षेला बसतो, आणि गरज पडली तर कागद घेऊन दाद मागायला जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत लहान, पण घरी सहज करता येण्यासारखी. मुलाने उत्तर सांगितले की त्याला विचारा, "तुला हे कसे कळले?" पुस्तकात वाचले असेल, बाईंनी सांगितले असेल, मित्राचे ऐकले असेल, नाहीतर अंदाज मारला असेल. काहीही असो, ते त्याने खरे सांगावे. अंदाज होता असे म्हटले तरी त्याला हसू नका. व्हॅन डोरेनला लोकांनी शेकडो प्रश्न विचारले. हा एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला असता, तर तीन वर्षांचे खोटे वाचले असते. आणि स्टेम्पेलला कोणी तो विचारला असता, तर 'मार्टी'पुरते तरी त्याला ताठ मानेने सांगता आले असते की, मी तो चित्रपट तीन वेळा पाहिला आहे, आणि ती आमच्याच गल्लीतली गोष्ट आहे.